केळ्यावरून पडलेले नजीबमियाँ

मनामा, ऑक्टोबर १९९६

झोहराआपास धाकट्या बानूचा सलाम. तुझी कंबर आता कशी आहे? अम्मींचा खोकला? आम्ही सगळे अल्लाच्या मेहेरबानीने सुखरूप आहोत, आणि हे वाक्य या खेपेला नुसतं रीत म्हणून लिहीत नाहीये.

गेल्या शुक्रवारी ह्यांच्या ऑफिसची सहल समुद्रावरच्या एका रिसॉर्टला गेली. मॅनेजर मुख्तारसाहेबांनी बसमध्येच जाहीर केलं की पुरुष पाण्यात खेळतील आणि बायका मंडपात बसून सहलीचा आनंद घेतील. (आनंद म्हणजे बिर्याणीचे टोप राखणे आणि कोणता चष्मा कोणाचा ते लक्षात ठेवणे.) मग त्यांनी विचारलं, पोहता कोणाला येतं? आमच्या ह्यांनी, म्हणजे तुमच्या नजीबमियाँनी, हात वर केला. "आम्ही कोकणातले, साहेब. माशांना पोहायला आम्हीच शिकवलं!" आता तुला तर ठाऊक आहे. हा माणूस विहिरीवर तांब्याने आंघोळ करायचा, आणि खाडी ओलांडायची झाली तर होडीत मधोमध डोळे मिटून बसायचा.

तिथे मोटरबोटीमागे रबराचं लांबलचक पिवळं केळं बांधून ओढतात. त्यावर माणसं घोड्यावर बसावीत तशी बसतात. पुढे साहेब, मागे हे. बुडू नये म्हणून दिलेलं जॅकेट साहेबांच्या पोटावर बसेना म्हणून साहेबांनी काढून टाकलं, आणि साहेबांनी काढलं म्हणून ह्यांनीही काढलं. (ह्यांनी स्वतःच्या डोक्याने घेतलेला एकच निर्णय म्हणजे माझ्याशी लग्न, असं मी समजत होते. तोही सासऱ्यांनीच घेतला होता, असं आता कळतंय.)

बोटवाल्याने "यल्ला!" म्हणजे 'चला!' म्हटलं. लांबवर जाऊन बोट वळली आणि केळं उलटलं. दोर सुटला, केळं वाहत निघालं, आणि बोटवाला माणसं सोडून केळ्यामागे गेला. जॅकेटवाले बुचासारखे तरंगत राहिले. हे आणि साहेब मात्र एकमेकांच्या गळ्याला मिठी मारून किंचाळत होते. एवढा जिव्हाळा त्यांच्या ऑफिसात मी कधी पाहिला नव्हता.

आमच्या अरीबाने विचारलं, "बट मम्मी, डॅडी टॉट द फिशेस, ना?"

मी चपला काढल्या आणि सलवार-कमीजसकट पाण्यात शिरले. चालतेय, चालतेय, पाणी कंबरेवर चढतच नाही. इथला समुद्र असाच उथळ. दोघांपाशी पोहोचले आणि म्हटलं, "उभे राहा."

दोघे उभे राहिले. पाणी साहेबांच्या पोटाखाली.

किनाऱ्यापर्यंत दोघे माझ्या मागोमाग चालत आले. बिर्याणी पोटात गेल्यावर ह्यांनी सांगितलं की पायात गोळा आला होता. साहेबांनी सांगितलं की ते ह्यांना वाचवत होते. आणि जेवण उरकताना दोघांनी मिळून ठरवलं की पुढच्या वर्षी बायकांना आणायचं नाही. पाण्याजवळ त्यांना धोका असतो.

अम्मींना सलाम, पोरांना दुआ.

तुझी बानू

ता. क. खरं काम राहिलंच. त्या रिसॉर्टवर मंगळवारी सकाळी फक्त बायकांना पोहायला शिकवतात. मी नाव घातलंय. लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा, पाण्यात फुगणार नाही असा पोशाख शिवून ठेव. आमचे शेजारी गनीभाई रजेवर तिकडे येतायत, त्यांच्याबरोबर पाठव. ह्यांनी विचारलं तर घरात घालायचा गाऊन आहे म्हण.

आणखी एक. पाणी उथळ आहे हे मला आधीच माहीत होतं, असं मी इथे सगळ्यांना सांगितलंय. माहीत नव्हतं, आपा. प्रत्येक पावलाला कलमा म्हणत होते.