दोष हवेचा

२ फेब्रुवारी
आज निदान झालं. माझा नेम चुकत नाही, एअर रायफलमध्ये हवा कमी पडते. मीटरचा काटा उतरला की छर्रा खाली जाणारच, त्याला मी काय करू? क्लबच्या टीममध्ये एकच जागा उरलीय. दावेदार दोन, मी आणि बायकोचा भाऊ. म्हणजे तसा मी एकटाच.

३ फेब्रुवारी
हातपंप आणला. बायको म्हणाली, आपल्याकडे सायकल कुठेय?

५ फेब्रुवारी
पंप मारमारून रायफल तुडुंब भरली. मग हात असे लटपटले की छर्रा मेहुण्याच्या टार्गेटवर. तोही बरोबर मधोमध! मेहुणा म्हणाला, थँक्यू भाऊजी. पंप विकायला काढलाय.

९ फेब्रुवारी
क्लबच्या सिलिंडरवरून हवा भरली. नळीतली हवा न सोडताच नळी काढायला गेलो. फाट्‌! कोचबाई टेबलाखाली. मला काही झालं नाही, फक्त चष्मा उडाला. बाहेर आल्यावर बाईंनी शाळकरी पोरासारखं घोकून घेतलं: हवा भरताना बंदुकीत छर्रा नको, वॉल्व्ह हळू उघडा, भरली की बंद करा, नळीतली हवा सोडा, मगच नळीला हात लावा. हे मला माहीतच होतं.

१२ फेब्रुवारी
नियम तोंडपाठ. बायको म्हणते, झोपेतही बडबडता. सुरक्षिततेत आता माझा हात धरणारं कुणी नाही. मेहुण्यालाही तासभर समजावलं. तो जांभया देत होता. टेन्शन असणार.

१६ फेब्रुवारी, दुपार
निवड चाचणी. शेवटचा शॉट. जिंकायला फक्त सात गुण हवेत. काटा जरासा उतरल्यासारखा वाटला. उगाच धोका नको. बाईंची परवानगी घेतली, हातातला छर्रा नियमाप्रमाणे खिशात टाकला, हवा भरली, वॉल्व्ह बंद, नळी रिकामी, नळी बाजूला. एक चूक नाही! बाईंनी मान डोलावली. मेहुणा नखं खात होता. श्वास रोखून चाप ओढला. इतका स्थिर हात आयुष्यात नव्हता.

संध्याकाळ
टार्गेटवर भोकच नाही. मेहुणा टीममध्ये. बाई म्हणाल्या, हवा मात्र उत्तम भरली होतीत.

वाईट वाटतंय. फार.

आत्ता शर्ट धुवायला घेताना बायकोला खिशात काहीतरी लागलं. हा छर्रा कसला, विचारत होती. म्हटलं, सातचा.