बाही बसली

बेंगळुरू,
९ ऑगस्ट २००२

प्रिय आईस,
सम्राटचा मनापासून जयभीम.

मी मजेत आहे. मेसमध्ये भातच जास्त असतो, पण आता अंगवळणी पडलाय.

दादा दौंडला सगळ्या रेल्वे कॉलनीत सांगत फिरतात की पोरगं विमान चालवतं. त्यांना म्हणावं, आमचं विमान जमीन सोडत नाही. पायलटांना शिकवायचं खोटं विमान आहे ते, कॉम्प्युटरवरचं. खऱ्या विमानाच्या उड्डाणाची एक रेघ काढायची, आमच्या विमानाची दुसरी, आणि एकावर एक ठेवायच्या. जिथं त्या एकमेकींपासून सुटतात, तिथं आमची चूक. तू बाही मुंढ्याला जुळवतेस ना, तसंच.

आमचं विमान नाक उशिरा उचलायचं. काल कळलं, इंधनाचं वजन फार पुढं धरलं होतं. ते मागं घेतलं आणि रेघ बरोबर रेघेवर गेली. बाही नीट लागली की तू म्हणतेस तोच शब्द माझ्या तोंडून निघाला, "बसली."

शेजारचा मिश्रा मान वळवून म्हणाला, "कौन बैठी?" सगळे हसले. मीही हसलो. मग इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्यांना कळलं.

खोलीवर आल्यावर पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. एकट्यानं म्हणण्यात काही राम नाही.

तुझे डोळे कसे आहेत? धाकटी भाग्यश्री सुईत दोरा ओवून देते ना? चष्म्याचं लांबवू नकोस.

रविवारी फोन करीन, तेव्हा जेवलास का, असं आधी विचारू नकोस. आधी विचार, "बसली का?"

तुझाच,
सम्राट