पावसाळ्यात न निघालेला तांडा

बंगलोर,
शनिवार, २४ मे १९९७

ती. ताईस,

हरीचा नमस्कार. भाऊजींनाही, आणि त्यांना जरा जास्त वाकून. इकडे येलहंकाला सगळे बरे आहेत. तुझ्या निधीचा खोकला गेला. आपली सुलभाकाकू तिला रोज सकाळी नाचणीची आंबील देते, ती तोंड वाकडं करून पिते.

तुझं पत्र कधीच मिळालं. शाळा म्हणते निधी पेपर कोरे देते, तिला पुन्हा पाचवीतच बसवा, आणि भाऊजी म्हणतात मग शाळाच नको, कोडोलीला आत्याकडे पाठवू, घरकाम तरी शिकेल. तू लिहिलंस, "सुटीभर तुझ्यासमोर आहे, पोरगी खरंच मंद आहे का ते स्पष्ट कळव." उत्तर लिहायला तेव्हाच बसलो होतो. पण खालच्या गल्लीत एकजण अख्खा रेडिओ उघडून बसला होता, तो बघायला गेलो आणि संध्याकाळ झाली. माझं तुला माहीतच आहे.

आधी माझ्या कामाचं सांगतो. इथल्या शिवाजीनगरला बस स्टँडच्या मागे, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या खोलीत, शुभंकर म्हणून पुण्याचा एकजण काँप्युटरवरचा खेळ बनवतोय. शाळांना विकायचा. मुलांनी इतिहास-भूगोल पाठ न करता खेळत शिकायचा, असं त्याचं म्हणणं. मी खुर्च्या लावतो, कॉफी आणतो, आणि मुलं कुठे कंटाळतात ते त्याला सांगतो. हे शेवटचं मला फार जमतं. सातवीपर्यंत दुसरं काय केलं?

पण ताई, तो खेळ! पहिल्यांदा पाहिला तेव्हा हातातली कॉफी तशीच निवली. जुना काळ. समज, तू लमाणांच्या तांड्याची नायकीण. होन्नावर बंदरावर बैलांवर मीठ लादायचं, घाट चढायचा आणि बंगलोरच्या पेठेत पोचायचं. "पुढचा दिवस" असं बटण आहे. ते दाबलं की नकाशावर तांडा इवलासा पुढे सरकतो, बैलांच्या घंटा वाजतात, समुद्र मागे जातो, हिरवं गडद होत जातं. त्या घाटातून मी ट्रकच्या टपावर बसून आलोय, उलटी करत. त्याच घाटात माणसं पाऊलवाटेनं मीठ घेऊन चढायची, हे मला त्या काचेवर दिसलं. भिंत फोडून कुणी खिडकी काढावी तसं वाटलं.

सुटी म्हणून इकडच्या मराठी कॉलनीतली मुलं खेळून बघायला येतात. निधीलाही घेऊन जातो. दोन बस बदलून, खिडकी मिळाली नाही तर ती रुसते.

पहिल्या दिवशी तिचे बैल घाटाच्या चिखलात रुतून मेले. सगळेच्या सगळे. बाईसाहेब रडायला लागल्या. शेजारी अद्वैत म्हणून एक चुणचुणीत मुलगा होता, तो म्हणाला, "ए, रडतेस काय? मेले तर मेले. परत स्टार्ट कर!" त्याचेही मेले होते, निम्म्या बैलांनिशी पेठ गाठून त्यानं भरपूर गुण मिळवले, कारण लवकर पोचण्याला गुण आहेत. निधी उठून जिन्यात जाऊन बसली. दोन दिवस माउसला हात लावला नाही.

परवा आपणहून खुर्चीवर बसली. मीठ लादलं. आणि निघालीच नाही. "पुढचा दिवस" दाबत राहिली, तांडा बंदरावरच. बाहेर नुसता पाऊस. अद्वैत पेठेत पोचून परत आला तरी हिचे बैल तिथेच.

"निधी, झोपलीस का गं?" अद्वैत.

हिनं पुन्हा बटण दाबलं. ताई, आता लिहितोच. त्या घडीला मला वाटलं, शाळा खरं बोलते. तुला काय कळवायचं तेही मनात जुळवायला लागलो होतो.

शुभंकर आला. त्याला वाटलं यंत्र अडकलं. "हँग झालंय, थांब, रीसेट करतो," म्हणून वाकला. निधीनं त्याचं मनगट धरलं.

"हँग नाही. पावसाळा आहे."

"मग?"

"मग काय? बैल घसरतात. दसऱ्याला निघायचं."

"यात दसरा कुठे टाकलाय मी?"

"ऑक्टोबर टाकलाय ना? दसऱ्याला सीमा ओलांडतात. पाऊस संपलेला असतो म्हणून."

आणि ती दाबत राहिली. जून गेला, जुलै गेला. सगळी मुलं आपापले खेळ सोडून तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. खाली एक रिक्षावाला कुणावर तरी ओरडत होता, तेवढाच आवाज. मग पडद्यावरचा पाऊस विरळ झाला, थांबला, नकाशा लख्ख झाला. तिनं तांडा हलवला. घाट चढला. एकही बैल पडला नाही. ताई, इतकी वर्षं आपट्याची पानं लुटली, घरोघर वाटली, पण तो दिवस तेव्हाच का, हे विचारलं नाही. इतका भटकलो, पण रस्त्यालाही महिना असतो हे मला ठाऊक नव्हतं. ते तिला चिखलात मेलेल्या बैलांनी शिकवलं.

गुण किती मिळाले? शून्य. सगळ्यात शेवटी पोचली म्हणून. तिनं गुणांकडे पाहिलंही नाही, बैल मोजत होती.

शुभंकर म्हणाला, "आम्ही पाऊस शत्रू म्हणून टाकला होता. कुणी त्याच्यासाठी थांबेल, हे डोक्यातच आलं नाही." गुण बदलतो म्हणालाय. अजून बदललेले नाहीत.

काल बसमध्ये तिला विचारलं, पेपरात काही न लिहिता बसतेस ती का? म्हणाली, "प्रश्न नीट कळेपर्यंत बसते. कळतो तेव्हा बाई पेपर ओढतात."

तर हे माझं उत्तर. हुशार आहे असं मी लिहीत नाही, मला ते मोजता येत नाही. वेळेत पेपर लिहायला तिला शिकावं लागेल, त्यात ती कदाचित आणखी एकदा आपटेल. पण मंद नाही. भाऊजी म्हणतील, सातवीतून पळालेला मेहुणा कोण सांगणारा? म्हणू देत. कोडोलीला मात्र काही कळवू नका, मी येईपर्यंत तरी.

मी तिला घेऊन येतो. शाळा उघडेल त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंना मी भेटेन, हे सगळं त्यांना सांगेन. शाळेच्या फाटकाशी आलो की मी अजून मागे फिरतो, तू बरोबर ये. पण बोलेन मी.

निधीचा मामा,
हरी