करवतीचा पट्टा तांदळाच्या डब्यात

१ ऑक्टोबर १९६१
लिही, सुनंदा. भांडी झाली, नात खेळायला गेली, आता सासूची बडबड कागदावर उतरव. मला अक्षर येत नाही, शिक्षा तुला.

शेजारच्या लक्ष्मम्माच्या पायऱ्या आज कापून झाल्या. दसरा आला की बाहुल्या मांडायच्या पायऱ्यांसाठी अख्खी गल्ली ह्यांच्याकडे फळ्या घेऊन येते. मागच्या शेडमध्ये ती गोल करवत. लोखंडी टेबल, मधून अर्धं चाक वर आलेलं. हे कारखान्यातनं रिटायर झाले आणि ही घरात आली. सवतच म्हणायची. हे अलीकडून फळी ढकलतात, मी पलीकडून धरून घेते. मी समोर नसले तर हे बटण दाबत नाहीत.

आज ह्यांचा हात थरथरला. चाक अंगठ्याच्या नखाला चाटून गेलं. नुसतं नख. जेवताना माधवनं विचारलं, तर म्हणाले, "हातोडी लागली." मी वरण वाढलं.

हे तुझ्या नवऱ्याला सांगायचं नाही, सुनंदा. लिहायचं फक्त.

४ ऑक्टो.
सांगितलंच.

माधव शेडमध्ये जाऊन उभा. "अण्णा, मशीन काढू या. हातकरवत आहे की घरात. मोठं काम असलं तर लाकडाच्या मिलमध्ये कापून आणू." शिवाय दिवाळी झाली की आमची लेक कमल बाळंतपणाला येणार. खोली कुठली द्यायची? शेडला ऊन आहे, न्हाणीघर लागून. माधवचं खोटं नाही.

ह्यांनी जेवताना भात दुसऱ्यांदा घेतला. राग आला की हे भात जास्त खातात, लग्नापासून.

ठरलं ते एवढंच, दसरा होईपर्यंत कोणी काही बोलायचं नाही.

सुनंदाची तक्रार, दर वेळी 'गोल करवत' लिहून बोटं दुखतात. बरं बाई, पुढे गो. क.

७ ऑक्टो.
माधवला दाखवायला म्हणून ह्यांनी हातकरवतीनं एक फळी कापली. रेघ एकीकडे, काप दुसरीकडे. फळी उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली. शाळेत मास्तर उभं करतात तशी.

मग मला कळलं. हातकरवतीत हात थरथरला की काप थरथरतो, जगाला दिसतं. गो. क.वर फळी बाजूच्या पट्टीला टेकली की सरळच जाते, हात कसाही असो. तिथं लाज राहते. आणि बोटं जायची भीतीही तिथंच.

आता मी कुठल्या बाजूनं बोलू? कालपर्यंत माधवच्या बाजूनं होते. (सुनंदा, मान वर करू नकोस, लिही.)

१० ऑक्टो., घट बसले
लक्ष्मम्माकडे गेलो. सात पायऱ्या, वर पांढरं धोतर, राजा-राणीच्या बाहुल्या सगळ्यांत वर, खाली शेट्टी-शेट्टीण वाण्याचं दुकान मांडून बसलेले. एकही पायरी हलत नव्हती. ह्यांनी हळूच बोटानं दाबून पाहिलं. चणे खाताना चेहरा असा, जसा राजाच हे.

लक्ष्मम्मा म्हणाली, "पुढच्या वर्षी स्वल्प वाढवून द्या हां, दोन पायऱ्या."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सरी." तिच्याच कानडीत, म्हणजे बरं, देऊ.

घरी आलो. दारात चपला काढताना म्हणाले, "तू कशी सरी म्हणालीस?" म्हटलं, तोंडात चणे होते, चुकून निघालं.

१८ ऑक्टो., खंडेनवमी
हत्यारांची पूजा. माझी विळी, सुनंदाची कात्री, माधवची सायकल, ह्यांचे रंधे-पटाशा. गो. क.ला हळद-कुंकू, झेंडूची माळ. नारळाच्या शेंडीला तेल लावून टेबल पुसलं. एरवी मी त्यावर सांडगे वाळवते, म्हणून घासत असते, ते असं आरशासारखं. ह्यांना वाटतं ते त्यांच्यामुळे.

आमच्या सासूबाईंची रीत, खंडेनवमीला जात्याचा खुंटा काढून ठेवायचा. हत्याराला विसावा म्हणजे विसावा, चुकून कोणी दळायला नको. जातं गेलं, रीत राहिली. मोटर स्वल्प उचलून मी गो. क.चा, चाक फिरवणारा रबरी पट्टा काढला. ठेवायचा कुठं? खुंटा ठेवायचे तिथंच. तांदळाच्या डब्यात.

१९ ऑक्टो., दसरा
आज हसून पोट दुखतंय.

सोनं लुटून झालं आणि माधव लाकडाच्या वखारीतल्या शेट्टीअण्णांना घेऊन हजर. मशीन बघायला, विकत न्यायला! दसरा होईपर्यंत बोलायचं नव्हतं, पण झाला म्हणे दसरा. शेट्टीअण्णांनी टेबलावर हात फिरवला, खूश. "काय घासता हो, रायरे?" (रायरे म्हणजे रावसाहेब.) माधवनं बटण दाबलं. मोटर गुर्र करते, चाक जागचं हलत नाही. पुन्हा दाबलं. झेंडूचं फूलसुद्धा पडलं नाही.

ह्यांना काय झालंय ते कळलं होतं. आयुष्य कारखान्यात गेलं, पट्टा नाही हे दिसणार नाही? छपराकडे बघत पान चघळत राहिले. मीही छपराकडे बघितलं. एक कोळिष्टक होतं, काढायला पाहिजे.

शेट्टीअण्णा म्हणाले, "मोटारीत दोष आहे, रायरे. नंतर बघू." गेले.

मुद्दाम नाही केलं. पट्टा परत घालायला मी विसरले होते. आठवलं तेव्हा बोलले नाही, एवढंच.

२२ ऑक्टो.
हे म्हणाले, "पट्टा दे."
"कुठला?"
"तांदळातला. भातात रबराचा वास येतोय."

येत नव्हता. पण बरं वाटलं की ह्यांनी शोधला होता.

मग आमचं बोलणं झालं. कमलला आमची खोली. आम्ही दोघं शेडमध्ये, सवतीशेजारी. बाळाची दुपटी टेबलावर घडी करायला छान. पट्टा मात्र माझ्याकडे, तांदळातच. सकाळची कॉफी हे पेल्यातनं वाटीत उंचावरनं ओतून गार करतात. ज्या दिवशी थेंब सांडणार नाही, त्या दिवशी पट्टा मिळेल. सांडली, तर गो. क.ची खंडेनवमी.

माधव म्हणाला, "अम्मा, हा काय कायदा?" म्हटलं, तुझ्या मिलपेक्षा बरा.

हे म्हणाले, "आणि माझा हात बिघडतच गेला तर?"

मी म्हटलं, म्हणून कॉफी गार व्हायची थांबेल थोडीच. रोज ओतून बघायचं.

२ नोव्हेंबर
गेले काही दिवस बरे. चार पाट कापून झाले. एक दिवस कॉफी सांडली, नागा. त्या दिवशी पेपर दोनदा वाचला, माझ्याशी एकदाही बोलले नाहीत.

१२ नोव्हेंबर
कमल आली. पोट पुढं, तोंड त्याच्याही पुढं. "अम्मा, म्हातारपणी मशीनजवळ झोपता?" म्हटलं, घोरण्यात दोघं सारखेच, फरक कळत नाही.

आज सकाळी हे ओट्यावर बसले. पेला वर नेला. धार लांब केली, नेहमीपेक्षा लांब, मुद्दाम. लेकीसमोर मिरवायला. मग वाटी खाली ठेवली, आणि तिच्याभोवती पंच्याचं टोक पसरलं.

मी पंच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे.

सुनंदा विचारते, सांडली की नाही, काय लिहू? काही लिहू नकोस. पंचा मी अजून उचललेला नाही. तांदळाच्या डब्याचं झाकण तेवढं काढून ठेवलंय.