पिशवी वाटेत आहे

रविवार, २ फेब्रुवारी. मोडनिंब.
शुक्रवारी सेमिनार. ज्याचा पहिला नंबर, त्याला पुण्याच्या लॅबमध्ये सहा महिने प्रोजेक्ट. वर्गातून एकच जागा. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे पुण्यालाही मीच जाणार हे ओघानं आलं.
विषय: पेशीतला माल बारीक पिशव्यांतून एका पडद्यापासून दुसऱ्या पडद्यापर्यंत कसा जातो. पिशवीवर एक प्रथिन, पोचायच्या पडद्यावर त्याचं जोडीदार प्रथिन. दोघांची ओळख पटली की ती एकमेकांत पिळली जातात, पडदे जवळ ओढले जातात, माल आत. या प्रथिनांचं नाव स्नेअर.
मॉडेल केलं. थर्माकोलचा चेंडू म्हणजे पिशवी, त्यावर वेलक्रोची एक बाजू. पुठ्ठा म्हणजे पडदा, त्यावर दुसरी. आई म्हणाली, माज्या पर्सला बी हाय की असलं. चांगलं लक्षण आहे.
उद्यापासून पहाटे पाचला उठून तीन शोधनिबंध.

सोमवार, ३ फेब्रुवारी. सोलापूर, सात रस्त्याजवळची खोली.
सव्वाआठला उठले. प्रवासाचा शीण.
पुठ्ठा आला, चेंडू घरी राहिला. म्हणजे निम्मं काम झालं. चेंडू आई बुधवारी डब्याबरोबर पाठवेल. आई रोज मोडनिंबच्या स्टँडवर कंडक्टरकडे डब्याची पिशवी देते, सोलापूर स्टँडवर हमाल बिरप्पामामा उतरवून घेतात. पिशवीला आईच्या लुगड्याची हिरवी चिंधी. दोन वर्षांत एकदाही चुकलेली नाही. पण याला नशीब म्हणतात, पद्धत नव्हे.
लेबल तयार केलं. नाव, विभाग, रोल नंबर, सगळं इंग्रजीत. लॅमिनेशन केलं. रिकाम्या डब्यातून घरी पाठवलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.
आईचा फोन. म्हणाली, आगं ऋतुजा, बिरप्पाला चिंधी कळती. तुजं इंग्रजी त्याला कुटं वाचाय येतंय? मी शांतपणे सांगितलं, चिंधी काढून टाक, दोन खुणा असल्या की गोंधळ होतो. पत्ता नेमका असला की माल पोचतोच. आई म्हणाली, बरं बाई, तू शिकल्याली.
पटलं तिला.
शोधनिबंध: एक. शीर्षक वाचलं. शीर्षकात पुष्कळ असतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी.
पिशवी नाही. बिरप्पामामा म्हणाले, हिरवी चिंधी काय आली न्हाय ताई. एका पिशवीला कागद लटकत हुता, म्हनलं पुढची आसंल, ऱ्हाऊ दिली गाडीत.
गाडी पुढं दुधनीला जाणारी.
तीच माझी, असं मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, मग चिंधी का न्हाय बांदली? ती चर्चेची वेळ नव्हती.
माझी रूममेट शिवलीला दुधनीचीच. पण तिचाही शुक्रवारी सेमिनार. प्रतिस्पर्ध्याची मदत घेणं तत्त्वात बसत नाही. तिनं तिची भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली. भूक हा वेगळा विषय असल्यामुळे घेतली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.
दुधनी स्टँडचा नंबर मिळाला. कोणी उचलत नाही. पिशवी सापडेपर्यंत डबा पाठवू नकोस, असं आईला सांगितलं.
विचारांती ठरवलं, चेंडूची गरज नाही. खऱ्या पेशीतली पिशवी तरी कुठे डोळ्यांना दिसते?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.
सेमिनार झाला. पुठ्ठा धरून उभी राहिले. सरांनी विचारलं, पिशवी कुठाय? म्हटलं, वाटेत आहे सर. वर्ग हसला. विषय पोचत होता.
मग सर म्हणाले, समजा पिशवीवरची खूण अगदी बरोबर आहे, पण समोर ती ओळखणारं कोणी नाही. काय होईल? मी ठामपणे सांगितलं, खूण नेमकी असेल तर पोचेल. सर म्हणाले, कुणाच्या भरवशावर?
वेळ संपली. माझी सात मिनिटं उरली होती, सरांची संपली असावी.
शिवलीलानं फळ्यावर खडूनं दोन वर्तुळं काढली, बस्स. फारच साधं.

सोमवार, १० फेब्रुवारी.
निकाल लागला. शिवलीला. खडूचा परिणाम.
ती रविवारी घरी गेली होती. येताना माझी पिशवी घेऊन आली. तिच्या गुरुसिद्धप्पाकाकांचं दुधनीच्या स्टँडसमोर दुकान आहे. बुधवारी कंडक्टरनं पिशवी तिथं ठेवली. काकांनी लेबल वाचलं, आमच्या विभागाचं नाव बघितलं, म्हणाले, आपल्या शिवलीलाच्या कॉलेजातली दिसतीय, ती आली की देऊ.
म्हणजे लेबल चालतं. स्टँड चुकला.
शिवलीला म्हणाली, येडे, बुधवारीच बोलायचं की गं. काकांना फोन केला असता, गुरुवारी सकाळच्या गाडीनं आली असती.
तत्त्वाचं तिला काही सांगितलं नाही.
भाकरी कडक झाली होती. खाल्ली. भाजी टाकून दिली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.
आठ वाजता उठले. आईचा फोन. निकालाचं सांगितलं. ती म्हणाली, चिंधी ठिवलीया जपून. बांदू का?
बांध म्हटलं.
पिशवी वेळेवर आली. बिरप्पामामांनी लांबूनच हात केला.
शिवलीला पुण्याचं रिझर्व्हेशन करायला गेली, तेव्हा चेंडू पुठ्ठ्याला लावून बघितला. पहिल्याच खेपेला चिकटला. काढायला दोन्ही हात लागले.