कट्ट्यांची तोंडं

४ नोव्हेंबर
साकोलीजवळच्या राइस मिलमध्ये आज रुजू झाले. खोली छान आहे, मागे बोडी, म्हणजे लहानसं तळं, सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. माझा नवरा लिलाधर वारल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवले. त्यांच्याच जागेवर मला घेतलंय. पोती (इथे कट्टे म्हणतात) भरून गाडीपर्यंत कशी जातील, हे ते संगणकावर आधी चालवून पाहत. अर्धवट राहिलेलं ते काम आता माझं.

६ नोव्हेंबर
डावीकडे तृप्ती बसते. तिने शिकवलं: पडद्यावरच्या पट्ट्यावरून सरकणाऱ्या प्रत्येक कट्ट्याची पुढची बाजू आपण ठरवायची, कोन भरायचा. वहिनी, कट्टा उलटा फिरला तं मशीन काय तोंड सोडून बूड शिवन, म्हणून हसली. मग म्हणाली, सर बी असेच चुकत, मीच शिकवलं त्याईले. घरी त्यांनी तिचं नावही कधी काढलं नव्हतं.

१० नोव्हेंबर
सगळे कोन नीट भरले. तरी पट्ट्याच्या मध्यावर प्रत्येक कट्टा थांबतो आणि डावीकडे तोंड करतो.
आमच्याकडे अर्ध्या वाटेवर तिरडी खाली ठेवतात, दिशा बदलून उचलतात, म्हणजे गेलेला माणूस मागे बघत नाही. यांना ट्रॅक्टरवर नेलं. विसावा राहूनच गेला.

१३ नोव्हेंबर
माझं टेबल तिच्या पलीकडे सरकवलं. आता ती उजवीकडे. कट्टे उजवीकडे वळतात.
तृप्ती पडद्याकडे बघून रडली. माझ्या नवऱ्यासाठी ही का रडते?

१४ नोव्हेंबर
ती रजेवर, एकोडीला तिच्या घरी. कट्टे दाराकडे वळतात. दाराबाहेर एकोडीचा रस्ता.
मेल्यावरही तीच.

१५ नोव्हेंबर
कोन बदलले. पुढची बाजू पडद्याबाहेर, माझ्याकडे. या वेळी वळले नाहीत. सगळे माझ्याकडे बघतात. बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर
तृप्तीचा फोन. सर मेल्यापासून रोज आमच्या अंगणात उभे राहत होते, म्हणाली. मले भेव लागे. काल नाही आले. वहिनी, तुमी काय केलं?
मी फोन ठेवला. आता माझे आहेत.

१७ नोव्हेंबर
कट्टे पट्ट्याच्या टोकाला थांबत नाहीत. मोठे होत जातात. तोंडं न शिवलेली —
बंद केलं. तरी चालू आहे.

१८ नोव्हेंबर
ते खुर्चीमागे आहेत. दोन्ही हात माझ्या गालांवर, गार. म्हटलं, या, बघा माझ्याकडे —
मान वळते आहे. मी वळवत नाही. दाराकडे — त्याहून पुढे, पाठीकडे —
त्यांना माझा चेहरा पुढच्या बाजूला नको —
अजून थोडा कोन —