तुमच्या सुनेचे जंतू

प्रिय आत्या,

काल माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली. परीक्षक हसून ‘अभिनंदन, डॉक्टर’ म्हणाले, आणि बाहेर आल्या आल्या मी सवयीनं तुम्हालाच फोन लावायला गेले. तुमचा नंबर अजून आहे मोबाईलमध्ये. पुसवत नाही. माहेरी सांगून झालं, रवी तर दाराशीच उभे होते. तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलं, म्हणून हे पत्र.

सासूला कुणी पत्र लिहितं का? तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून हसला असता!

परभणीला प्रवेश मिळाला तेव्हा इरा नुकती पावलं टाकायला लागली होती. रवी म्हणाले, ‘वर्षभर थांबू या.’ मीही मान डोलावली. तुम्ही चुलीपुढं भाकरी थापत होता. मागं न वळताच म्हणालात, ‘थांबायचं कशापायी? लेकरू मी बगते. तू सकाळची गाडी धर.’ झालं! आपल्या घरात त्यावर पुन्हा चर्चा म्हणून झाली नाही.

एक तक्रार मात्र आहे. ‘आमची सून जंतू पाळती’ असं तुम्ही सगळ्या पूर्णा गावाला का सांगितलंत हो? किराणावाला बिस्किटाचा पुडा माझ्या हातात द्यायचा नाही, फळीवर ठेवायचा! आणि तुम्ही तरी काय? मी घरी आले की आधी न्हाणीत जायचं, मग इराला घ्यायचं. अहो, दह्यातले जंतू ते, आपण रोज खातो, हे मी कितीदा सांगितलं. ‘खायचे येगळे, पाळायचे येगळे,’ हे तुमचं उत्तर ठरलेलं.

पण एकदा जेवताना तुम्हीच विचारलंत, ‘जंतूमुळं माणूस आजारी पडतंय. मग जंतूला कोण आजारी पाडतंय?’

मला केवढा आनंद झाला होता! मी सांगत सुटले. त्यांच्यावरही विषाणू तुटून पडतात. त्यातून एखादा जिवाणू वाचला, तर त्या विषाणूचा एक तुकडा तो स्वतःच्या जनुकांत जपून ठेवतो. तोच विषाणू पुन्हा आला की त्या तुकड्यावरून त्याला ओळखतो, आणि कात्रीसारखं एक प्रथिन त्याला कापून टाकतं. ही ओळख पुढच्या पिढीलाही मिळते. याला क्रिस्पर म्हणतात. माणसानं तीच कात्री आता हाती घेतली आहे. तिला जनुकातली नेमकी जागा सांगायची, की ती तिथंच जाऊन कापते. सिकलसेलच्या आजारावर असे उपचार परदेशात सुरू झालेत, आपल्यापर्यंत पोचायला वेळ आहे.

तुम्ही घास हातात धरून ऐकत होता. भाकरी गार झाली.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही ते शेजारच्या मंदाकाकूंना सांगितलंत, आणि काकू थेट माझ्याकडे आल्या. ‘मग आता दुसरं पोरगंच होईल असं बग की. अन् जरा उजळ बी. ही बाई पार आजीवर गेली.’ इरा तिथंच खेळत होती. तुम्ही हातातलं सूप खाली ठेवलंत.

‘मंदे, हिची कात्री बरं करायला हाय, गोरं करायला न्हाई. माझ्यावर गेली तर काय रोग झाला का तिला?’

काकू गेल्यावर मात्र हळूच विचारलंत, ‘लय काळी दिसते का गं मी?’

मी म्हटलं, ‘इराएवढीच.’

तुम्ही अशा हसलात आत्या, की इराही तुमच्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागली.

आणि मग तो वाईट आठवडा. प्रयोगशाळेतल्या माझ्या सगळ्या चंबूंतलं दूध पातळच राहिलं. विरजणाच्या जिवाणूंमध्ये विषाणू शिरला होता. कितीतरी महिन्यांची मेहनत गेली. घरी येऊन मी म्हटलं, ‘बास. उद्यापासून जाणार नाही.’ तुम्ही समजूत घातली नाही, रागावलाही नाहीत. सकाळी इराला काखेत मारून, इरकली लुगडं नेसून दारात उभ्या! ‘सोडायचं तर सोड. पर मला एकदा दाखव तुजे जंतू. जलमभर कुणाला पाळलंस ते तरी बगू दे.’

तुम्हा दोघींना प्रयोगशाळेत नेलं खरं, पण दाखवायला होतं काय? टाकून द्यायच्या चंबूतलाच एक थेंब काचेवर घेतला. विषाणू जिवाणूला आतून फोडतो, त्यामुळं सगळा चुराच दिसेल असं वाटलं होतं. तुमच्यासाठी सूक्ष्मदर्शक नीट लावताना मला चुऱ्यात जिवाणूंची एक साखळी दिसली. अख्खी. मग आणखी एक. मी बाजूला झाले. तुम्ही एक डोळा मिटून वाकलात आणि ओरडलात, ‘अगं, ही तर बोरमाळ हाय!’

त्याच चंबूतले थेंब मी बशीत पसरले. जिवाणूंचे मोजकेच ठिपके उगवले, पण उगवले. त्यांच्या जनुकांत त्या विषाणूचा नवा तुकडा बसलेला होता. माझा सगळा प्रबंध त्या वाचलेल्यांवर उभा राहिला. तुम्ही हट्टानं आला नसता तर मी तो चंबू धुऊन पालथा घातला असता.

प्रबंध बांधून येण्याआधीच तुम्ही गेलात. सकाळी इराची वेणी घालून दिलीत, दुपारी छातीत कळ आली. ‘तिला सांगू नका, तिचं काम चालू हाय,’ म्हणालात म्हणे! असं करतात का, आत्या? एवढ्या एका गोष्टीसाठी मी तुमच्यावर रागावले आहे. बाकी सगळ्यासाठी किती आभार मानू? तुम्ही गेल्यावर इराला कुशीत घेऊन रोज तुमच्या गोष्टी सांगते. तेवढंच माझ्या हातात आहे.

येत्या सोमवारी मी तुमच्या माहेरी, वालूरला जाणार आहे. तिथल्या शाळेनं मुलींना क्रिस्परविषयी सांगायला बोलावलंय. तुमचं नाव चौथीत पटावरून कापलं गेलं, ती ही शाळा. मी आपल्या भाषेत सांगेन. या विद्येला अजून काय जमत नाही, तेही लपवणार नाही. आणि सगळ्यांत मागं बसलेल्या मुलीला कळल्याशिवाय परतीची सेलूची बस धरणार नाही. हा शब्द माझा.

तुमची सून,
वैशाली